न पाहिलेल्या नाटकाचा प्रयोग

आमच्या शाळेच्या कार्यालयाची खिडकी पटांगणातल्या कडुनिंबाकडे उघडते. मुख्याध्यापकाच्या वाट्याला दिवसाचा बहुतेक वेळ कागदांत डोके घालून बसणे येते, आणि मधल्या सुट्टीतला मुलांचा गलबला त्याच्या कानांना पंख्याच्या घरघरीइतकाच सवयीचा झालेला असतो. तो गलबला मध्येच थांबला, तरच त्याचे लक्ष वेधले जाते. २०१७ च्या जानेवारीतील एका सोमवारी तो असाच एकाएकी थांबला. कोणी पडले-झडले की काय, या धास्तीने मी खिडकीशी गेलो.

निंबाच्या पारावर सातवीतला एक मुलगा नाटक करीत होता. म्हातारा सासरा तोच, तोऱ्यातली सून तोच, बहिरा नोकरही तोच. खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला की सून व्हायची, कमरेला बांधला की नोकर. पन्नास-साठ मुले त्याच्याभोवती हातातले खाऊचे डबे विसरून उभी होती. दोन दिवसांपूर्वी, शनिवारी, आम्ही शाळेतल्या चाळीस विद्यार्थ्यांना सुरतेस नेऊन एक व्यावसायिक गुजराती नाटक दाखविले होते. तेच नाटक तो करीत होता. मी क्षणभर सुखावलो. आणि मग माझ्या ध्यानात आले, की त्या चाळीस मुलांत हा मुलगा नव्हता.

सहलीसाठी आम्ही प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी ठेवली होती. या मुलाचे वडील जवळच्या डाइंग मिलमध्ये रंगखात्यात कामाला. पैसे आणले नाहीस, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला होता, “सर, मला नाटक आवडत नाही.” तीस वर्षे मुलांत घालविलेल्या माणसाला त्या उत्तराचा अर्थ कळावयास हवा होता. तो कळला नाही असे म्हणणे सोयीचे आहे. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी तो कळून घेणे मला सोयीचे नव्हते. यादी पुरी करावयाची होती, बस ठरवावयाची होती. रविवारचा सबंध दिवस त्याने नाटक पाहून आलेल्या मुलांच्या घरी जाऊन एकेकाकडून प्रसंग विचारून घेतले होते, हे मला मागाहून समजले. पारावर चालला होता तो न पाहिलेल्या नाटकाचा प्रयोग.

पुढे जे सांगावयाचे आहे, ते सारे या एका प्रसंगातून उगवलेले आहे.

आमचे गाव आणि आमची मुले

ज्यांना पलसाणा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि हजिऱ्याहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे हे आमचे तालुक्याचे गाव आहे. स्वातंत्र्यापूर्वी ते बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात ज्याची नुसती चर्चा चालली होती, ते आमच्या परिसरातील खेड्यांना कायद्याने मिळाले. याच बडोदे दरबाराचा आश्रय बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला लाभला होता, हेही आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. शाळा आणि रंगभूमी या दोहोंना एकाच राजाने हात दिला, हा योगायोग मला नेहमी विचार करण्याजोगा वाटत आला आहे.

आज या परिसरात उसाच्या शेतांच्या बरोबरीने कापडाच्या मिलांची धुराडी उभी आहेत. शाळेचे माध्यम गुजराती; परंतु पटावरची नावे वाचू लागलो, की धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील गावांची आडनावे ओळीने भेटतात. त्यांच्या शेजारी ओडिशाची, उत्तर प्रदेशाची, बिहारची आणि इथल्या मूळच्या हळपती वस्तीतील मुले बसतात. खानदेशातून आलेल्या घरांत अहिराणी आणि मराठी यांचे मिश्रण चालते. मुले घरी ते बोलतात, वर्गात गुजराती लिहितात, गल्लीत हिंदी बोलतात आणि हातातल्या मोबाइलवर मिळेल ते पाहतात. मराठी ही त्यांच्या लेखी आईने जेवायला हाक मारण्याची आणि बापाने रागावण्याची भाषा. ती चारचौघांत, उजेडात, मोठ्याने बोलावयाची असते, अशी समजूत त्यांना यावी कोठून?

यांच्या आजोबा-पणजोबांनी सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाचे फड पाहिले. गावात वही ऐकली. इथल्या जुन्या गुजराती कुटुंबांतील वृद्धांनी चौकात भवाई पाहिली. मुलांच्या पिढीपर्यंत येता येता तो धागा तुटला. जिवंत माणसे समोर उभी राहून एक खोटी गोष्ट खरी करून दाखवितात, हा अनुभवच त्यांच्या आयुष्यातून नाहीसा झाला.

पहिल्या खेपेच्या चुका

आमची ती पहिली सहल बहुतेक बाबतींत फसली, आणि तो सर्व दोष माझ्याकडे जातो. मी नाटक निवडले ते केवळ शनिवारी दुपारी प्रयोग होता म्हणून. ते मोठ्यांसाठी लिहिलेले कौटुंबिक विनोदी नाटक. त्यातल्या काही विनोदांचे अर्थ मुलांनी बसमध्ये शिक्षिकांना विचारले, तेव्हा त्यांना खिडकीबाहेर पाहावे लागले. जागा स्वस्तातल्या, म्हणून अगदी पाठीमागच्या. पुढे रंगमंच इवलासा दिसत होता, आणि आम्ही शिक्षक नाटकाऐवजी मुलांवर नजर ठेवून ‘शू शू’ करीत बसलो होतो.

दुसरी चूक अशी, की आदल्या दिवशी मी सबंध कथानक मुलांना सांगून टाकले. हेतू चांगला होता; समजावयास सोपे जावे. परंतु पुढे काय होणार ही उत्सुकता हाच नाटकाचा प्राण असतो, आणि तो मीच आधी काढून घेतला.

तिसरी चूक शिक्षकी पेशाला शोभेशी. सोमवारी पहिल्याच तासाला ‘मी पाहिलेले नाटक’ या विषयावर निबंध लिहून घेतला. चाळीस निबंध आले आणि चाळिसांचा शेवट एकच होता: नाटक पाहून आम्हांला खूप बोध मिळाला. कोणता बोध, ते एकानेही लिहिले नव्हते. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत पारावर जो प्रयोग झाला, त्याच्यापुढे त्या चाळीस वह्यांची किंमत काय होती, हे मी वर सांगितलेच आहे.

मुलांसाठी व्यावसायिक नाटक

यानंतर मी विषयाच्या मुळाशी जाण्याचा थोडा प्रयत्न केला. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते १८४३ साली, राजाश्रयाने. पुढे १८५३ साली त्यांची मंडळी मुंबईस आली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाले. त्याच वर्षी, त्याच नाट्यगृहात पारशी नाटक मंडळीने गुजरातीत रुस्तुम आणि सोहराब यांची कथा रंगविली. आमच्या शेजारचे नवसारी हे पारशांचे जुने गाव. म्हणून हा तपशील मी मुलांना मुद्दाम सांगतो. मराठी आणि गुजराती या दोन्ही व्यावसायिक रंगभूमी मुंबईत एकाच छपराखाली वाढू लागल्या. गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला याहून जवळचे नाते कोणते सांगावे!

परंतु मुले हा स्वतंत्र प्रेक्षक आहे, हे ध्यानात यावयास शंभर वर्षे लागली. गॅदरिंगमध्ये मुलांनी केलेले नाटक निराळे, आणि कसलेल्या नटांनी, चोख नेपथ्य, प्रकाश आणि संगीत यांसह मुलांसाठी केलेले नाटक निराळे. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने ‘मधुमंजिरी’ सादर केले, आणि हा दुसरा मार्ग मराठीत रुळला. मुलांना काहीही चालते, ही समजूत त्यांनी खोडून काढली. पाठोपाठ रत्नाकर मतकरी यांनी आपल्या ‘बालनाट्य’ संस्थेतर्फे हे काम वर्षानुवर्षे चालविले. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे आणि पुण्याची थिएटर ॲकॅडमी यांनी बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीची पद्धत आणली. तीत राजाराणी नाहीत. मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात, आणि मुलांच्या घरातले, शाळेतले रोजचे प्रश्न रंगमंचावर येतात.

सुरतेच्या बाजूने पाहिले, तर चंद्रवदन मेहता (१९०१–१९९१) येथलेच. रेल्वेत राबणाऱ्या माणसांचे जिणे त्यांनी ‘आगगाडी’ या नाटकात आणले. मिलमजुरांच्या मुलांना हे कळावयास हवे, की आपल्या बापाच्या कामावरही नाटक होऊ शकते आणि ते लोक तिकीट काढून पाहतात. मराठी नाटके सुरतेस येतात, परंतु क्वचित. आणि आली तरी बहुधा रात्रीची आणि मोठ्यांची. मुलांचे चांगले मराठी नाटक पाहावयाचे, तर मुंबई गाठणे भाग होते.

दादरची वारी

२०१८ साली मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा व्यावसायिक रंगभूमीवर आले. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजविलेली चेटकीण आता वैभव मांगले करीत होते. नाटकाची जाहिरात वाचली, आणि मी ठरविले, की जावयाचे. या वेळी यादी उलट्या बाजूने करावयाची. ज्यांना देणे शक्य नाही, त्यांची नावे आधी लिहावयाची. वर्गणीचा शब्दही मुलांसमोर काढावयाचा नाही. शिक्षकांनी आपल्या पगारातून काही दिले, गावातील दोन-तीन व्यापाऱ्यांनी काही दिले, आणि कमी पडले ते एका निवृत्त बाईंनी ‘माझ्या नातवाच्या मुंजीचे समजा’ म्हणून दिले. कोणाचे किती, हे मुलांना आजतागायत माहीत नाही.

पालकांना समजावणे हे पैशाहून अवघड काम होते. “गुरुजी, मुंबईला नाटक पाहायला? पोरगी आहे,” असे एका बापाने म्हटले. रात्रीचा प्रयोग नाही, सकाळचा आहे. दोन शिक्षिका बरोबर आहेत. रात्री मुलगी घरी पोचेल, असे त्यांना सांगितले. पोरीची आई आतून म्हणाली, “जाऊ द्या तिला. मी तर सुरतसुद्धा पाहिली नाही नीट.” संमतिपत्रावर अंगठा आईचा आहे.

डिसेंबरातील त्या रविवारी पहाटे साडेतीनला आम्ही चौतीस मुले आणि चार शिक्षक निघालो. सुरतेहून फ्लाइंग राणी. त्या गाडीला तेव्हा दुमजली डबे होते. ते २०२३ साली गेले. वरच्या मजल्यावर बसण्यावरून जी भांडणे झाली, त्यांचे वर्णन मी टाळतो. वाटेत मी मुलांना गोष्ट सांगितली नाही. सांगितल्या त्या फक्त चार बाबी. घंटा तीन होतात आणि तिसरीनंतर बोलावयाचे नाही. अंधार झाला तरी भ्यावयाचे नाही, तो मुद्दाम केलेला असतो. पडद्याच्या कडेला विंगा असतात, तेथून माणसे येतात. आणि समोरची माणसे खरी आहेत; तुम्ही हसलात तर त्यांना ऐकू जाते, तुम्ही कंटाळलात तर तेही कळते.

शिवाजी मंदिरात आमच्या जागा मधल्या रांगांत होत्या. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, आणि माझ्या शेजारच्या मुलाने माझ्या सदऱ्याची बाही धरली. पडदा उघडल्यावर ती कधी सुटली, ते त्यालाही कळले नसेल. या नाटकाची रीत अशी, की थोड्याच वेळात सबंध प्रेक्षागृहातली मुले पात्रांशी बोलू लागतात. मुंबईची मुले सराईतपणे ओरडत होती. आमची आधी एकमेकांकडे पाहत राहिली; ओरडावयास परवानगी आहे काय, म्हणून माझ्याकडे वळली. मी मान हलविली. मग मात्र पलसाण्याचा आवाज दादरात कोणाहून कमी पडला नाही.

आमच्यात ओडिया घरचा एक मुलगा होता. त्याला मराठी येत नाही, म्हणून एक मुलगी पहिल्या अंकात त्याच्या कानाशी लागून गुजरातीत अर्थ सांगत होती. मध्यंतरात सर्वांनी तेथला प्रसिद्ध बटाटावडा खाल्ला. पुन्हा पडदा उघडला, तिने पुन्हा सांगावयास सुरुवात केली, तेव्हा त्याने तिला गप्प केले: “राहू दे, मला कळतंय.” त्याला किती कळले, याची चौकशी मी केली नाही.

प्रयोगानंतर आम्ही शिवाजी पार्कच्या समुद्रावर शिदोऱ्या सोडल्या. मुलांचे खेळ चालले होते. पालकांच्या संमतीवरून जिच्या घरी एवढा वाद झाला होता, ती मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “सर, ती माणसं आमच्या आईसारखंच बोलत होती. तरी सगळे गप्प बसून ऐकत होते.”

एम. ए. ला असताना मातृभाषेच्या महतीवर मी पुष्कळ पाने लिहिली आहेत. त्या मुलीच्या वाक्यात जे होते, ते माझ्या एकाही पानात नव्हते. तिने मराठी दूरदर्शनवर ऐकली होती, मोबाइलवर ऐकली होती. परंतु यंत्रातून आलेल्या आवाजापुढे कोणी आदराने बसत नाही, त्याच्यासमोर जेवतात, भांडतात, तो बंद करतात. शेकडो माणसे पैसे देऊन, आपला गोंगाट आवरून, आपल्या आईच्या बोलीसमोर स्तब्ध बसतात, हे तिने प्रथमच पाहिले. पाठ्यपुस्तकाने किंवा माझ्या व्याख्यानाने तिला हे दिले नसते.

या वेळी निबंध लिहून घेतला नाही. ‘घरी गेल्यावर नाटकातली कोणतीही एक गोष्ट कोणालातरी करून दाखवा’ एवढेच सांगितले. पुढच्या पालकसभेस एरवी दहा-बारा माणसे येतात. त्या खेपेस पुष्कळ आया आल्या, आणि चेटकीण म्हणजे नेमकी कशी, असे त्यांनी आम्हांलाच विचारले.

अडचणी आणि एक विनंती

यानंतर दोन वर्षे करोनात गेली. २०१८ च्या फेब्रुवारीत सुधाताई आणि २०२० च्या मे महिन्यात मतकरी आपल्यातून गेले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्यास हरणी तलावातील नौका उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. त्या दिवसापासून कोणत्याही मुख्याध्यापकाला सहल या शब्दाने कापरे भरते, आणि ते योग्यच आहे. मुलांच्या जिवाहून मोठे असे कोणतेही शिक्षण नाही. परवानग्यांचे नियम कडक झाले, ते पाळलेच पाहिजेत. पण त्या भीतीपोटी मुलांना शाळेच्या फाटकाबाहेर कोठेच न्यावयाचे नाही, हा सोपा मार्ग आम्ही पत्करला, तर त्याची किंमत कोण मोजते? ज्यांच्या घरी मोटार आहे, त्यांची मुले नाटक पाहतच राहतात. ज्यांना शाळेखेरीज कोणी नेणार नाही, तीच मागे राहतात.

म्हणून मला वाटते, की मुलांना दरवेळी मुंबईस नेण्याऐवजी नाटक मुलांच्या जवळ आणावे. सुरतेस आता याच शहरात जन्मलेल्या, रंगभूमीवरूनच चित्रपटात गेलेल्या संजीवकुमारांच्या नावाचे सभागृह आहे. तेथे जाणे हा आमच्यासाठी तासाभराचा रस्ता. सुरत, नवसारी, बडोदे येथील आपली मराठी मंडळे वर्षाकाठी एखादे तरी नाटक आणवितात, गणेशोत्सवात कार्यक्रम करतात. त्यांच्याकडे माझे मागणे फार नाही. नाटक ठरविताना एखादा प्रयोग दिवसाउजेडी ठेवावा. तीन-चार वर्षांतून एकदा मुलांचे नाटक आणावे. आणि प्रत्येक प्रयोगाची तिकिटे विक्रीस काढण्यापूर्वी त्यांतली दहा वेगळी काढून जवळच्या सरकारी शाळेकडे पाठवावी. मात्र ती शेवटच्या रांगेतली नसावीत, आणि मुले कोणाच्या दानाने आली, हे ध्वनिक्षेपकावरून जाहीर करू नये.

शिक्षकबंधूंना माझ्या चुकांवरून एवढेच सांगतो, की नाटक आपण आधी स्वतः पाहावे किंवा वाचावे. गोष्ट फोडू नये. निबंध मागू नये. आणि एखादा मुलगा ‘मला नाटक आवडत नाही’ म्हणाला, तर त्याच्या बापाचा पगार कोणत्या तारखेस होतो, ते आधी पाहावे.

पारावर नाटक करणारा तो मुलगा दादरच्या वारीत नव्हता. आठवी झाल्यावर, आम्ही निघण्याच्या काही महिने आधीच, त्याचे कुटुंब गावाकडे परतले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नंदुरबार जिल्ह्यातील एका गावाचे नाव आहे. त्या पत्त्यावर मी पत्र पाठविले होते. उत्तर आले नाही. आज तो विशीत असेल. दहा तिकिटांची विनंती करताना माझ्या डोळ्यांपुढे तोच उभा असतो, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. त्याच्या वाटणीचे शंभर रुपये त्या शनिवारी माझ्या खिशात होते.